चार हत्तींना ना-हरकत

घोडा करणं अवघड असतं, हे मला घोडा करून झाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर मी जेवताना तोंड आवरलं असतं. पण तोंड आवरणं हा माझा विषय नाही, असं आमची ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते.

झालं असं, की नानांनी बुद्धिबळ सोडलं. नाना म्हणजे माझे सासरे. उभा जन्म भूमापन खात्यात गेला. साखळी आणि दुर्बीण घेऊन डोंगरच्या डोंगर मोजले. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्यापासून रोज दुपारी चारला वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांबरोबर त्यांचा एक डाव ठरलेला. डॉक्टरही निवृत्त. पण समोरच्याला तोंड उघडायला लावायचं आणि बोलू मात्र द्यायचं नाही, ही धंद्यातली सवय अजून गेलेली नव्हती. नानाही कुणाचं ऐकून घेणारे नव्हेत. त्यामुळे डाव सुरू झाला की पाचव्या चालीला आवाज चढत आणि दहाव्या चालीला आमची ही स्वयंपाकघराचं दार लोटून घेई.

मग नानांचा उजवा हात थरथरायला लागला. हाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाचं आहे, गोळ्या घ्या, यातून काही व्हायचं नाही. तसं काही झालंही नाही. फक्त नाना उंट हलवायला गेले की शेजारचा घोडा पडे, घोडा उभा करायला गेले की दोन प्यादी टेबलाखाली जात. आणि आमचे दातांचे डॉक्टर, जे एका प्याद्यावरून जिना डोक्यावर घेत, ते आता गुपचूप वाकून सगळं उचलत, जागच्या जागी ठेवत आणि म्हणत, "असू दे नाना, सावकाश." एकदा तर त्यांनी नानांची चुकलेली चाल आपणहून परत दिली. वर हसले.

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, "मला कंटाळा आलाय." पट कपाटावर गेला. चार वाजले की नाना खिडकीशी पेपर घेऊन बसू लागले. सकाळीच वाचून झालेला पेपर.

तेव्हा एकदा, नाना झोपायला गेल्यावर, जेवताना मी म्हणालो, "मोहरे हलके आहेत, बुडाशी अरुंद आहेत, म्हणून पडतात. जड आणि रुंद बुडाचे असले तर भूकंपातही पडायचे नाहीत. बाजारात नाही मिळाले तर नाही. त्यात काय, मी घरी करतो."

ही वाढता वाढता थांबली. "काय करता?"

"मोहरे. बत्तीसच तर आहेत."

तिने हातातल्या डावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डाव पातेल्यात ठेवून दिला. बत्तीसच्या पुढे 'च' लावणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, असं तिला वाटलं असावं.

पद्धत सोपी होती. मातीचा एकेक नमुना करायचा, त्याचा साचा घ्यायचा, साच्यात काहीतरी पातळ ओतायचं, ते घट्ट झालं की मोहरा बाहेर. राजा, वजीर, हत्ती, प्यादं हे मी एका संध्याकाळी वळून टाकले. उंटही जमला. घोड्याने मात्र तीन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी घोडा गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवला, तेव्हा समोरच्या गॅलरीतून हेडबाईंनी पाहिलं. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्ती त्यांनी अजून मान्य केलेली नाही.

"शेळी छान झाली आहे," त्या म्हणाल्या.

"घोडा आहे तो."

"असं?" बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मग दहापैकी तीन. आणि कान जरा मागे घ्या."

कान मागे घेतले, तेव्हा तो सशासारखा दिसायला लागला. पुढे घेतले तर कुत्र्यासारखा. शेवटी कान काढूनच टाकले. बिनकानाचा घोडा निदान कुणासारखा दिसत नव्हता, एवढंच समाधान.

साच्यासाठी मी डॉक्टरांकडे गेलो. नानांना काही सांगायचं नाही, या अटीवर त्यांना सगळं सांगितलं. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "हो, करा. लवकर करा. मला हल्ली चार वाजले की काय करावं कळत नाही. बायको भाजी निवडायला बसवते." मग त्यांनी कपाटातून दातांचे ठसे घ्यायची पावडर काढली. पाण्यात कालवली की दोन मिनिटांत घट्ट होते. "दात काय अन् हत्ती काय," म्हणाले, "ठसा तो ठसा. फक्त हलू द्यायचं नाही आणि गिळू द्यायचं नाही."

ठसे सुरेख आले. मी खूश होऊन साचे खिडकीत ठेवले आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर साचे वाळून आक्रसलेले. तशातच प्लास्टर ओतून पाहिलं. वजीर प्याद्याएवढा झाला आणि प्यादं शेंगदाण्याएवढं. डॉक्टर म्हणाले, "अरे, ठसा लगेच वापरायचा असतो. पेशंट काय तोंड उघडं ठेवून ऑफिसला जातो का?" हे आधी सांगायला हवं होतं, असं मी म्हणालो नाही. मोठ्या माणसांना मी मनात बोलतो.

तेव्हा मी साच्याचं पातळ रबर आणि ओतायचं रेझिन असे दोन डबे परगावाहून मागवले. आठ दिवसांनी डब्यांऐवजी चिठ्ठी आली. पार्सल रासायनिक असल्याने कार्यालयात अडकवून ठेवलं आहे, समक्ष भेटावे.

इथे एक सांगायला हवं. मी स्वतः पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. बावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. 'उद्या या', 'यावर सही नाही', 'हे आमच्याकडे येत नाही' ही वाक्यं मी अशा सुरात म्हणू शकतो, की ऐकणारा आभार मानून जातो. खिडकीच्या बाहेर उभं राहायची मात्र मला सवय नव्हती. बाहेरून खिडकी फार उंच असते.

खिडकीवाले गृहस्थ माझ्याच वयाचे होते. "आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"रबर."

"इथे द्रव लिहिलंय. रबर द्रव कसं असेल?"

"ते नंतर घट्ट होतं."

"म्हणजे सध्या द्रवच आहे." त्यांनी टेबलाखालून एक फॉर्म काढला. "उपयोग?"

"प्यादी बनवायला."

त्यांनी वर न बघता लिहिलं: उत्पादन. "कारखान्याचा पत्ता?"

"कारखाना नाही हो, घरीच करतोय."

"घरी?" आता त्यांनी वर पाहिलं. "मग इमारतीच्या संस्थेचं ना-हरकत पत्र लागेल. उद्या या."

मी आभार मानून निघालो. जिना उतरल्यावर लक्षात आलं की आपण आभार मानले.

आमचे सेक्रेटरी कुठल्याही कामाला नाही म्हणत नाहीत, सभा बोलावतात. दुसऱ्या दिवशी खालच्या फळ्यावर सूचना लागली. 'विषय: सदनिका क्रमांक नऊमध्ये घोडे, उंट व हत्ती तयार करण्यास परवानगी देणे.' गच्चीच्या गळतीच्या सभेला चार माणसं येतात. या सभेला बसायला जागा नव्हती.

तळमजल्यावरचे विमा एजंट उभे राहिले. "मला मांजर पाळायची परवानगी नाकारली होती. कार्यवृत्तात आहे. आणि यांना उंट?"

"खोटे आहेत हो," मी म्हणालो. "एवढे एवढे. बुद्धिबळाचे."

"लाकडाचे?"

"रेझिनचे."

"म्हणजे रसायन!" ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले. "बघा, आता बाहेर आलं."

मग चर्चेला विषयांची वाणच राहिली नाही. रसायनाचा वास येतो का, पाण्याच्या टाकीत उतरतं का, स्फोट झाला तर रंगकामाचा खर्च कुणी करायचा. एकाने सुचवलं की त्यापेक्षा नानांना पत्ते शिकवावेत. दुसऱ्याने सांगितलं की त्याच्या मेव्हण्याने घरी साबण केला होता, तेव्हापासून मेव्हणा त्यांच्याशी बोलत नाही. याचा इथे काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. सभेत तसं विचारायचं नसतं. शेवटी हेडबाईंनी टेबलावर पेन्सिल आपटली.

"हत्ती किती करणार?"

"चार."

"चारच कशावरून?"

"दोन पांढरे, दोन काळे. पाचवा लागत नाही."

"मग तसं लेखी घ्या आणि मुलाला... म्हणजे यांना जाऊ द्या."

पत्र मिळालं. 'सदर सदस्यांनी जास्तीत जास्त चार हत्ती, चार उंट व चार घोडे स्वखर्चाने तयार करण्यास संस्थेची हरकत नाही. प्राणी जिन्यात ठेवू नयेत.' खाली सेक्रेटरींची सही आणि गोल शिक्का.

खिडकीवाल्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि तिसऱ्यांदा वाचलं. "हत्तींना हरकत नाही हे समजलं," ते म्हणाले. "रबराचा उल्लेख कुठे आहे?"

माझ्या खिडकीवर कुणी असं पत्र आणलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो. तेच जास्त लागलं.

डॉक्टरांना सांगितलं तर ते उठले, जुनं लेटरहेड शोधलं, वरची धूळ फुंकली आणि ऐटीत लिहिलं: 'सोबतच्या व्यक्तीस ठशांसाठी सदर रबर तातडीने आवश्यक आहे.' खाली पदवी, नोंदणी क्रमांक, सही.

खिडकीवाले पत्र वाचून चुकचुकले. "दातांचं आहे होय! मग पहिल्या दिवशीच नाही का सांगायचं?" त्यांनी माझ्या तोंडाकडे सहानुभूतीने पाहिलं. "फार दुखतं का?"

मी खोटं बोललो नाही. गालावर हात ठेवला आणि मान हलवली. पार्सल मिळालं.

रबराचे बत्तीस साचे तयार झाले आणि रविवारी ही माहेरच्या मैत्रिणीकडे गेली, तेव्हा मी ओतकाम काढलं. रेझिनमध्ये दुसऱ्या बाटलीतलं औषध मिसळायचं, ढवळायचं आणि पटापट ओतायचं. थोडं थोडं मिसळावं असं बाटलीवर लिहिलं होतं. पण थोडं थोडं करत बसणारा माणूस मी असतो तर घोडा तीन दिवसांत झाला नसता, तीन महिने लागले असते. मी सगळं एकदम मिसळलं. प्रत्येक साच्याच्या तळाशी वजनासाठी एक जाडजूड लोखंडी नट टाकून ठेवला होता. पांढरं सैन्य झकास ओतलं गेलं. उरलेल्यात काळा रंग घालून काळ्यांकडे वळलो तेव्हा डबा गरम लागला. सातवा मोहरा ओतेपर्यंत फार गरम लागला. मग त्यातून धूर यायला लागला आणि प्लास्टिकचा डबा माझ्या डोळ्यांदेखत ओट्यावर मांडी घालून बसला.

मी खिडक्या उघडल्या. वासाने पहिल्यांदा हेडबाई आल्या, मग विमा एजंट, मग सेक्रेटरी वही घेऊन. ओट्यावर एक दगडासारखा गोळा झाला होता आणि त्यात ढवळायला घेतलेला हिचा मोठा डाव दांडी वर करून ताठ उभा होता. एजंट म्हणाले गरम पाणी टाका. सेक्रेटरी म्हणाले तेल लावा. हेडबाई म्हणाल्या, "आधी तुम्ही बाजूला व्हा." त्यांनी डाव धरून ओढला. मग तिघांनी मिळून ओढला. डाव जागचा हलला नाही, दांडी हातात आली.

हे सगळं चालू असताना नाना खिडकीशी बसून होते. ओला रुमाल नाकाला बांधला आणि पेपरचं पान उलटलं.

ही आली. ओट्यावरून डावाची दांडी उचलली. मला वाटलं आता वीस वर्षांचा हिशेब निघतो. तिने फक्त विचारलं, "काळे किती झाले?"

"सात."

"मग उरलेले कधी करणार? आणि थोडं थोडं मिसळा. बाटलीवर लिहिलंय."

पुढच्या रविवारी तीच मिसळत होती, मी ओतत होतो. काळा रंग संपला म्हणून चार प्यादी आणि एक हत्ती जांभळट झाले. साच्यातून निघालेल्या मोहऱ्यांना कडेला पापुद्रे राहिले होते, ते मी कानशीने घासले. घासण्यात एक प्रकारचा आनंद असतो. त्या आनंदाच्या भरात चारही उंटांच्या माना गेल्या. असो. पण जड होते! राजा हातात घेतला की माणूस नीट बसे.

बुधवारी (दोन दिवस रजाच टाकली होती), चारला दहा कमी असताना, मी कपाटावरचा पट काढला, नानांच्या समोर टेबलावर ठेवला आणि मोहरे मांडायला घेतले. पहिला हत्ती ठेवला. दुसरा घोडा. तो हत्तीला खेटून बसला. तिसरा उंट बसेचना. मी घोडा सरकवला तर हत्ती पटाबाहेर गेला.

पेपरच्या मागून आवाज आला. "घर चार सेंटिमीटरचं आहे. तुमचा तळ साडेचारचा."

दोन महिने, एक सभा, तीन अर्ज, आणि पट मी मोजलाच नव्हता. ज्यांनी डोंगर मोजले त्यांच्यासाठी मोहरे करायला निघालो होतो, आणि पट्टी हातात घेतली नव्हती.

नानांनी पेपर खाली ठेवला. हत्ती उचलला. हात थरथरत होता. हत्ती त्यांनी टेबलावर ठेवला, नव्हे, जवळजवळ टाकला. तो ठक्कन वाजला आणि तसाच उभा राहिला. नानांनी त्याला बोटाने ढकललं. हलला नाही. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "घरात सपाट फळी कुठली आहे?"

सपाट फळी म्हणजे कपाटाचं एक दार होतं. ही काही बोलायच्या आत मी बिजागऱ्या सोडवल्या. नानांना स्वतः रेघ मारणं शक्य नव्हतं. त्यांनी पट्टी आणि पेन्सिल माझ्या हातात दिली आणि दाराच्या डोक्याशी उभे राहिले. त्यानंतरचे दोन तास मी खात्यातला साखळीवाला होतो. "कोपऱ्यातून धरा. पेन्सिलीला टोक करा, ही काय खुंटी आहे? कर्ण मोजा. दोन्ही कर्ण! सारखे आले? मग खोटं सांगताय, पुन्हा मोजा." पुन्हा मोजले तर खरंच अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघाला. "अर्धा सेंटिमीटर म्हणजे डोंगरावर अख्खं शेत जातं, जावईबापू," नाना म्हणाले. इतका चढा आवाज त्यांचा मी महिनोन्महिने ऐकला नव्हता. ही दारात उभी होती. माझी खरडपट्टी निघताना तिला एवढा आनंद झालेला मी प्रथमच पाहिला.

गुरुवारी चारला डॉक्टर आले. बसले, पटाकडे पाहिलं, मोहऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहून "वा" म्हणाले. डाव सुरू झाला. पहिल्या काही चाली डॉक्टर जुन्या सवयीने हात पुढे करून बसले होते, काही पडलं तर झेलायला. काही पडलं नाही. नाना मोहरा उचलत नव्हते, मुठीत धरून सरळ सरकवत होते. हात थरथरला तरी मोहरा आपला वाटेने जाई. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी हात मागे घेतले.

पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. डाव्या कोपऱ्यात नानांचा एक मोहरा मघापासून गुमान उभा होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष करून वजीर मैदानात आणला. त्याबरोबर नानांनी तो मोहरा कोपऱ्यातून तिरका, थेट पट ओलांडून सरकवला आणि वजीर उचलला.

"अहो!" डॉक्टर म्हणाले. "प्यादं असं कुठे धावतं?"

"प्यादं नाही. उंट आहे."

"हा उंट? याची मान कुठेय?"

"आमच्या जावयाने केलाय," नाना शांतपणे म्हणाले. "उंटच आहे."

"ते काही नाही! वजीर परत ठेवा!"

"नाही ठेवत."

"फसवणूक आहे ही! तुम्ही लबाड आहात नाना. चाळीस वर्षं लोकांच्या हद्दी अशाच सरकवल्या असतील!"

"आणि तुम्ही धडधाकट दात उपटले असतील!"

डॉक्टर उठले. खुर्ची मागे पडली. "पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले, की समोरच्या गॅलरीत हेडबाई बाहेर आल्या. मग दार आपटलं आणि चपला जिना चढत गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन महिने ज्यासाठी खपलो, ते एका उंटाने घालवलं. आणि तो उंट माझा. "नाना, मी वर जाऊन माफी मागतो," मी म्हणालो. "चारही उंटांना नवीन माना लावतो. उद्यापर्यंत—"

"लावाल तर याद राखा."

नानांच्या हातात अजून डॉक्टरांचा वजीर होता. हात थरथरत होता आणि वजीर त्याच्याबरोबर हलत होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "सात महिने झाले," ते म्हणाले. "सात महिन्यांत माझ्यावर कुणी रागावलंच नव्हतं हो. सगळे आपले 'सावकाश, नाना', 'असू दे, नाना'."

वर डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. छतातून पावलं स्पष्ट ऐकू येत होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, धाडधाड. नाना मान वर करून ऐकत राहिले.

"अजून चिडलाय," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून चहाला हाक मारली.